कावसजीचे नवे नाक

प्रस्तावना

मराठी भाषेत नाकाला मोठा मान आहे. घराण्याचे नाक राखावे लागते, चूक झाली तर नाक घासावे लागते आणि चारचौघांत अब्रू गेली की नाक कापले गेले, असे आपण म्हणतो. आज हे सारे वाक्प्रचार आहेत. परंतु एके काळी शत्रूच्या हाती सापडलेल्या किंवा गुन्हेगार ठरलेल्या माणसाचे नाक खरोखरच कापले जात असे. अशा माणसाने पुढे कसे जगावे, समाजात तोंड कसे दाखवावे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राही.

या पाठात आपण अशाच एका माणसाची जीवनकथा वाचणार आहोत. त्याचे नाव कावसजी. सैन्यात बैल हाकणारा हा एक साधा माणूस. तरीही प्लॅस्टिक सर्जरीचा इतिहास सांगणाऱ्या जगभरच्या ग्रंथांत त्याचे चित्र सव्वादोनशे वर्षांनंतर आजही छापले जाते. हे कसे घडले, आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेकडून रुग्णाने काय अपेक्षा करावी, हे या कथेतून आपण समजून घेऊ.

गिंडी ते पुणे

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात गिंडी नावाचे ठिकाण आहे. राज्यपालांचे निवासस्थान, जुने अभियांत्रिकी महाविद्यालय आणि राष्ट्रीय उद्यान यांमुळे ते प्रसिद्ध आहे. तमिळनाडू डॉ. एम. जी. आर. वैद्यकीय विद्यापीठही येथेच आहे. या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत प्लॅस्टिक सर्जरीचे उच्च शिक्षण दिले जाते. नाक गमावलेल्या रुग्णाच्या कपाळावरची त्वचा खाली वळवून नवे नाक घडवण्याची एक पद्धत या शास्त्रात आहे. जगभरचे शल्यविशारद तिला भारतीय पद्धत म्हणून ओळखतात.

ही पद्धत युरोपला ज्या घटनेमुळे नीट माहीत झाली, तिचे धागे मद्रास आणि पुणे या दोन शहरांत गुंतलेले आहेत. चेन्नई तेव्हा मद्रास या नावाने ओळखली जाई. ज्या युद्धात कावसजीचे नाक गेले, त्या युद्धासाठी इंग्रजांचे मुख्य सैन्य मद्रासहून निघाले होते. त्याला नवे नाक मिळाले ते पुण्याजवळ. आणि ही हकीकत इंग्लंडच्या वाचकांपर्यंत ज्याने पोहोचवली, तो मद्रासच्या वैद्यकीय मंडळाचा एक सदस्य होता, असे अभ्यासक मानतात.

युद्धाच्या पिछाडीला

सन १७९० मध्ये म्हैसूरचा टिपू सुलतान आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तिसरे युद्ध पेटले. पुण्याचे पेशवे आणि हैदराबादचा निजाम हे कंपनीच्या बाजूने होते. पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर होते. कारभार नाना फडणवीस पाहत. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या हाताखाली मराठी फौजा कर्नाटकात उतरल्या. कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस स्वतः मद्रासला आला आणि तेथून म्हैसूरवर चालून गेला. मुंबईकडील इंग्रजी सैन्य मलबारच्या बाजूने पुढे सरकले.

त्या काळात युद्ध केवळ तोफा आणि तलवारी यांच्या बळावर होत नसे. धान्य, दारूगोळा, तंबू आणि अवजड तोफा हे सारे बैलांच्या पाठीवर आणि बैलगाड्यांवर जाई. बैल थकले की फौज थांबे. बैल मेले की फौजेला माघार घ्यावी लागे. सन १७९१ च्या उन्हाळ्यात हेच घडले. कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाजवळ पोहोचला. पण पाऊस, उपासमार आणि रोगराई यांमुळे त्याची जनावरे मोठ्या संख्येने मेली. ओढायला बैल नसल्यामुळे मोठ्या तोफा निकामी करून टाकून द्याव्या लागल्या आणि हाताशी आलेली राजधानी सोडून परतावे लागले. वाटेत मराठी फौजांची गाठ पडली आणि त्यांच्या बाजारात धान्य मिळाले, तेव्हा कोठे त्या भुकेल्या सैन्याला हुशारी आली.

कावसजी अशाच बैलांबरोबर चालणारा माणूस होता. त्याचे नाव ऐकून तो पारशी असावा असे वाटते; परंतु त्याच्याविषयीच्या इंग्रजी वृत्तांतात तो मराठा असून शेतकरी जातीचा होता, असे स्पष्ट म्हटले आहे. शेतीची आणि बैलांची ओळख असलेला हा माणूस इंग्रजी सैन्यात बैल हाकण्याचे काम करत होता.

सन १७९२ च्या मोहिमेत तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक कापण्यात आले आणि एक हातही तोडण्यात आला. शत्रूची रसद तोडणे हा युद्धातील जुना डाव आहे. रसद वाहणाऱ्या माणसाची अशी अवस्था केली की ते पाहून इतरांनाही धास्ती बसे. अशा शिक्षा त्या काळी एकाच राज्यात होत असत असे नाही. अनेक राजवटींत नाक, कान किंवा हात तोडण्याची शिक्षा रूढ होती.

त्या अवस्थेत कावसजी श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या सैन्याला येऊन मिळाला. १७९२ च्या मार्चमध्ये तह झाला. टिपूला निम्मे राज्य द्यावे लागले आणि आपले दोन मुलगे ओलीस ठेवावे लागले. मुलांना स्वाधीन करण्याचा हा प्रसंग कॉर्नवॉलिसच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरलेला आहे. तो पुतळा चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील संग्रहालयात आहे. विजयाच्या अशा शिल्पांत राजपुत्र आणि सेनापती दिसतात. रसद वाहणारी माणसे मात्र युद्ध संपले की आपापल्या जखमा घेऊन घरोघर परततात.

नाकाविना एक वर्ष

कंपनीने कावसजीला निवृत्तिवेतन दिले. पोटाची थोडीफार सोय झाली. परंतु नाक नसलेला चेहरा घेऊन त्याला एक वर्षाहून अधिक काळ काढावा लागला.

नाक हा केवळ शोभेचा अवयव नाही. आपण श्वासावाटे आत घेतलेली हवा नाकात गाळली जाते, ऊबदार होते आणि ओलसर होते. नाकाचा बाहेरचा भाग गेला की आतील नाजूक त्वचा उघडी पडते. ती कोरडी होते, तिच्यावर खपल्या धरतात. धूळ आणि माश्या यांचा त्रास होतो. बोलण्याचा आवाजही बदलू शकतो.

याहून मोठे दुःख लोकांच्या नजरेचे असते. नाक कापणे ही त्या काळी गुन्ह्याची शिक्षा होती. त्यामुळे नाक नसलेला माणूस दिसला की त्याने काही पाप केले असावे, अशी शंका पाहणाऱ्याच्या मनात आधी येई. तो युद्धात पकडला गेला होता, हे प्रत्येकाला किती वेळा सांगणार? तोडलेला हात अंगरख्याच्या बाहीत झाकता येतो. चेहरा झाकून कोणालाही आयुष्य काढता येत नाही.

पुण्याजवळचा कारागीर

कावसजीला ज्याने नवे नाक दिले, तो मोठा वैद्य म्हणून नावाजलेला नव्हता. पुण्याजवळ राहणारा, विटा घडवणाऱ्या समाजातील तो एक कारागीर होता. त्याचे नाव वृत्तांतात दिलेले नाही. इतिहासाने रुग्णाचे नाव जपले आणि शल्यवैद्याचे नाव हरवले, असे क्वचितच घडते.

हा कारागीर जी विद्या वापरत होता, तिची मुळे फार जुनी होती. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक जोडण्याची रीत सांगितली आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची त्वचा सोलावी, ती एका बाजूने जोडलेलीच ठेवून नाकाच्या जागी बसवावी आणि श्वासासाठी आत नळ्या घालाव्यात, असे तिचे स्वरूप आहे. पुढील काळात गालाऐवजी कपाळाची त्वचा घेण्याची पद्धत रूढ झाली. कपाळाची त्वचा नाकाच्या त्वचेशी रंगाने आणि पोताने चांगली जुळते, हे तिचे कारण. ही विद्या काही घराण्यांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळली. हिमाचल प्रदेशातील कांगडा येथील कारागीरही त्यासाठी प्रसिद्ध होते.

प्लॅस्टिक सर्जरी या शब्दातील प्लॅस्टिकचा बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकशी संबंध नाही. घडवणे, आकार देणे अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो आला आहे. मराठीत या शास्त्राला सुघटन शल्यचिकित्सा असेही म्हणतात. ओल्या मातीला रोज आकार देणाऱ्या माणसाच्या हाती ही विद्या असावी, हे शब्दाच्या मूळ अर्थाला साजेसेच आहे.

त्या वेळी पुण्यात मुळा आणि मुठा या नद्यांच्या संगमावर इंग्रजांची वकिलात होती. चार्ल्स मॅलेट हा तेथील इंग्रज वकील होता. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली आणि तिचा तपशील सांगितला. त्यामुळेच तिची प्रत्येक पायरी आज आपल्याला कळते.

शस्त्रक्रियेची रीत

प्रथम मेणाची पातळ चकती घेऊन ती नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवत आणि तिला चांगल्या नाकाचा आकार देत. नंतर ते मेण सपाट करून कपाळावर ठेवत आणि त्याच्या कडेने रेघ आखत. म्हणजे नव्या नाकाला किती कातडी लागेल, याचे माप आधीच मिळे. कापड बेतल्याशिवाय कातरू नये, हा शिंप्याचा नियम येथेही लागू होता.

आखलेल्या रेघेवरून कपाळाची त्वचा सोडवली जाई. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधोमध तिची एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवत. सगळे यश या पट्टीवर अवलंबून होते. तिच्यातून सोडवलेल्या त्वचेला रक्त मिळत राही आणि म्हणून ती जिवंत राही. झाडाची फांदी मुळापासून न तोडता वाकवून मातीत रुजवावी, तसाच हा प्रकार होता. शेतकरी त्याला दाबकलम म्हणतो. फांदीला नवी मुळे फुटेपर्यंत जुन्या झाडाशी असलेले तिचे नाते तोडायचे नसते.

यानंतर नाकाच्या बुंध्यावरचा जुना व्रण तासून काढत. वाळलेल्या व्रणावर नवी त्वचा चिकटत नाही. ताज्या जखमेला ताजी जखम लागली तरच दोन्ही भाग सांधतात. दोन्ही नाकपुड्यांच्या जागेभोवती आणि वरच्या ओठाच्या कडेने एक चीर घेत. मग कपाळाची त्वचा खाली आणून अर्धा पीळ देऊन वळवत, म्हणजे तिची बाहेरची बाजू बाहेरच राही. तिच्या कडा त्या चिरेत बसवल्या की नाकाचा आकार उभा राही.

सांधा पक्का धरण्यासाठी आपण विड्यात खातो तो कात वापरत. पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकमेकींवर बसवत. चार दिवस त्यांना हात लावत नसत. नंतर पट्ट्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवत. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाच्या गुंडाळ्या घालत. सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली जोडपट्टी कापली जाई. तोपर्यंत नव्या नाकाला आजूबाजूच्या भागातून स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळालेल्या असत. मग नाकाचा आकार सुधारण्यासाठी थोडी आणखी काटछाट करत.

पंचवीस दिवसांचा धीर

ही सारी हकीकत कारागिराच्या बाजूने वाचली की त्याच्या कौशल्याचे कौतुक वाटते. आता ती कावसजीच्या बाजूने पाहू.

ईथर देऊन रुग्णाला बेशुद्ध करण्याचे पहिले यशस्वी जाहीर प्रात्यक्षिक अमेरिकेत १८४६ मध्ये झाले. कावसजीची शस्त्रक्रिया १७९३ च्या सुमाराची आहे. ज्याच्यावर शत्रूने एकदा शस्त्र चालवले होते, त्याने दुसऱ्यांदा स्वतःच्या इच्छेने आपला चेहरा शस्त्राखाली ठेवला. नाक मिळण्यापूर्वी कपाळावर नवी जखम होणार, हे त्याला ठाऊक होते. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे पडून राहावे लागे. पुढे तीन आठवडे भुवयांमधून खाली येणारी कातडीची पिळलेली पट्टी तशीच सांभाळावी लागे. त्या काळात रुग्णाचा चेहरा आधीपेक्षाही विचित्र दिसे. धीर सोडून ती पट्टी ओढली असती, तर सारे श्रम वाया गेले असते. शिवाय कावसजीला स्वतःची काळजी घेण्यासाठी एकच हात उरला होता.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. नवे नाक घट्ट बसले आणि ते स्वाभाविक नाकासारखेच दिसू लागले. कपाळावरचा व्रण पुढे काळानुसार पुसट होतो, असेही त्या वृत्तांतात नोंदवले आहे.

चित्र आणि पत्र

जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार त्या दिवसांत पुण्यात होता. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा तो हाच. १७९४ च्या जानेवारीत त्याने कावसजीचेही चित्र काढले. पेशव्यांसमोर बसणारा चित्रकार एका बैल हाकणाऱ्यासमोर बसला, तो त्याच्या नव्या नाकासाठी. त्या चित्रात कपाळावरची खूण लपवलेली नाही. नाकासाठी कातडी कोठून घेतली, हे पाहणाऱ्याला लगेच कळते.

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिन या मासिकात ही हकीकत पत्ररूपाने छापली गेली. सोबत कावसजीचे चित्र आणि शस्त्रक्रियेच्या आकृत्याही होत्या. पत्राखाली लेखकाचे पूर्ण नाव नव्हते. केवळ आद्याक्षरे होती. हा लेखक म्हणजे मद्रासच्या वैद्यकीय मंडळाचा सदस्य कॉली लायन लूकस असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. अशा रीतीने पुण्याच्या परिसरातील एका अनामिक कारागिराचे काम लंडनला पोहोचले.

पुण्याहून जगाकडे

लंडनमधील जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला. त्याने आधी मृत शरीरांवर सराव केला आणि १८१४ मध्ये नाक गमावलेल्या एका सैनिकी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. पुढे दुसऱ्या एका रुग्णावरही ती केली आणि १८१६ मध्ये या दोन्ही अनुभवांवर पुस्तक प्रसिद्ध केले. जर्मनीत कार्ल फॉन ग्रेफे याने १८१८ मध्ये नाकाच्या पुनर्रचनेवर ग्रंथ लिहिला. युरोपात या शास्त्राला नवी गती मिळाली.

भारतातही हे काम थांबले नाही. जुनागढ येथील डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी चार वर्षांत केलेल्या शंभरांहून अधिक नाकांच्या शस्त्रक्रियांचा वृत्तांत १८८९ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्न झालेल्या हजारो सैनिकांवर इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलिज यांनी उपचार केले. त्यांच्या परंपरेत शिकून आलेले डॉ. नोशिर अंतिया यांनी मुंबईत आणि पुण्यात कुष्ठरोगाने विद्रूप झालेल्या रुग्णांची नाके आणि चेहरे दुरुस्त केले. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लॅस्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. कावसजीच्या नाकाची विद्या अशी फिरून महाराष्ट्रात परत आली.

आजच्या रुग्णाने काय अपेक्षा करावी?

अपघात, भाजणे, कर्करोग, प्राण्याचा चावा, जन्मतः असलेले व्यंग किंवा हिंसाचार यांमुळे आजही अनेकांचे चेहरे विद्रूप होतात. त्यांच्यासाठी आजच्या शस्त्रक्रिया कावसजीच्या काळापेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत. भूल देण्याची सोय आहे. जंतुसंसर्ग टाळता येतो. नाक बसू नये म्हणून कानाची किंवा बरगडीची कूर्चा आधाराला घालता येते आणि नाकाला आतून अस्तरही देता येते. तरीही मूळ तत्त्व बदललेले नाही. कपाळावरची त्वचा आजही रक्तवाहिनीसह खाली वळवली जाते आणि जोडपट्टी साधारणपणे तीन आठवड्यांनी कापली जाते.

म्हणून रुग्णाने काही गोष्टी आधीच समजून घेतलेल्या बऱ्या. चेहऱ्याची पुनर्रचना बहुधा एका शस्त्रक्रियेत पूर्ण होत नाही. पहिल्या काही दिवसांत सूज आणि काळेनिळेपणा येतो. त्यामुळे पट्टी काढल्याबरोबर आरशात दिसणारा चेहरा अखेरचा नसतो. सूज पूर्ण ओसरून व्रण मऊ होण्यास अनेक महिने, कधी वर्षही लागते. नव्या नाकाला स्पर्श केला असता सुरुवातीला तो कपाळाला झाल्यासारखा वाटू शकतो. काही काळ बधिरपणाही राहतो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा वळवलेल्या त्वचेचा काही भाग रक्ताअभावी मरणे, हे धोके कमी असले तरी शून्य नसतात.

विडी, सिगारेट आणि तंबाखू यांमुळे त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ज्या शस्त्रक्रियेचे यश रक्तपुरवठ्यावर अवलंबून आहे, तिच्यापूर्वी आणि नंतर ही व्यसने बंद ठेवणे अत्यावश्यक ठरते. मधुमेह, रक्तदाब, चालू असलेली औषधे यांविषयी डॉक्टरांपासून काहीही लपवू नये. शस्त्रक्रिया करणाऱ्याने या विषयाचे उच्च शिक्षण घेतले आहे का, किती टप्पे लागतील, व्रण कोठे राहील, खर्च किती येईल आणि अपेक्षित परिणाम न मिळाल्यास पुढे काय करता येईल, हे प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. जेथे केवळ यशाचीच हमी दिली जाते, तेथे अधिक सावध राहावे.

चेहऱ्याच्या काही शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठीही केल्या जातात. त्यांत गैर काही नाही. मात्र तेथेही व्रण, सूज आणि धोका हे असतातच. छायाचित्रातील दुसऱ्या कोणाचा चेहरा आपल्याला मिळावा, अशी अपेक्षा घेऊन जाणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव अधिक असतो.

समारोप

कावसजीच्या शरीरातून दोन अवयव गेले होते. त्यांपैकी एकच परत मिळाला. तोडलेला हात घडवण्याची विद्या कोणाजवळ नव्हती. तो अखेरपर्यंत एका हाताचाच राहिला. नव्या नाकाची किंमत म्हणून कपाळावर आयुष्यभराची खूण राहिली. शस्त्रक्रियेने त्याचे गेलेले दिवस भरून दिले नाहीत की झालेला अन्याय पुसला नाही. पण लोकांपुढे उघड्या चेहऱ्याने बसता येईल, एवढे तिने नक्कीच दिले. चित्रकारासमोर तो तसाच बसला होता.

त्या चित्राखाली कावसजीचे नाव आहे. ज्या हातांनी मेणाचे माप घेतले, कात भिजवला आणि पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापली, त्यांची ओळख मात्र विटा घडवणाऱ्या समाजातील एक माणूस एवढीच उरली आहे. चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेने बरा झालेला रुग्ण आपण पाहतो, तेव्हा त्या अनामिक कारागिराचीही आठवण ठेवली पाहिजे.

शब्दार्थ

रसद – सैन्याला लागणारा धान्य व इतर सामानाचा पुरवठा
पिछाडी – सैन्याचा मागचा भाग
निवृत्तिवेतन – काम थांबल्यानंतर मिळणारे नियमित वेतन, पेन्शन
वकिलात – परराज्याच्या प्रतिनिधीचे कार्यालय व निवासस्थान
व्रण – जखम भरल्यावर राहणारी खूण
कूर्चा – कान, नाक इत्यादींतील लवचीक, मऊ हाडासारखा भाग
अनामिक – ज्याचे नाव माहीत नाही असा

पाठावर आधारित प्रश्न

१. त्या काळच्या युद्धात बैलांचे महत्त्व का होते?
२. कपाळाची त्वचा पूर्णपणे वेगळी न करता तिची एक पट्टी जोडलेली का ठेवत असत?
३. जुना व्रण तासून काढण्याचे कारण काय?
४. ही हकीकत लंडनपर्यंत कशी पोहोचली, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
५. शस्त्रक्रियेने कावसजीला काय मिळाले आणि काय मिळाले नाही? तुमच्या शब्दांत लिहा.

उपक्रम

नाक या शब्दावरून तयार झालेले पाच वाक्प्रचार शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या तुमच्या ओळखीच्या व्यक्तीने डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, याची यादी तयार करा.